मिरचीचा मुरडा

मिरचीचे रोप लावून पाच-सहा आठवडे लोटले, ते चांगले वीत-दीड वीत वाढले, कळ्या धरू लागले, आणि इतक्यात एके दिवशी त्याचा शेंडा आखडलेला दिसतो. नवी पाने लहान, जाड व चुरगळल्यासारखी निघतात. कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात. झाड खुजे राहून झुडपासारखे दाट होते. एका झाडावर दिसलेला हा विकार पाहता पाहता वाफाभर पसरतो. यास आपल्या इकडे कोठे मुरडा, कोठे चुरडामुरडा, तर कोठे बोकड्या असे म्हणतात. (पोटात येतो तो मुरडा निराळा, पण मिरचीचा त्याच्याशी अगदीच संबंध नाही असे कोणी म्हणावे!)

आपल्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थी शहरात राहणारे असले, तरी कित्येकांची घरे पुरंदर, खेड, शिरूर, जुन्नर अशा तालुक्यांत आहेत, व त्यांच्या घरच्या शेतात दहा-वीस गुंठे मिरची असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. हिरव्या मिरचीचा तोडा आठ-दहा दिवसांनी निघतो, माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो, आणि जो रोकड पैसा हाती येतो त्यातून घरचा मीठमसाला, मुलांची फी व वह्यापुस्तके भागतात. असे हे पीक आखडू लागले म्हणजे घरात काळजी पसरते, व काळजीत माणूस उतावळा होतो. मग बहुधा घडते ते असे : कर्ता पुरुष तालुक्याच्या दुकानी जाऊन "मिरचीवर मुरडा आला आहे" एवढेच सांगतो, आणि दुकानदार जी बाटली पुढे करील ती घेऊन येतो. गुण आला नाही तर पुढील आठवड्यास दुसरी बाटली, व त्याच्या पुढील आठवड्यास दोन्ही एकत्र.

या लेखात मुख्यतः सांगावयाचे आहे ते हे की, ताप हे जसे एका रोगाचे नाव नाही, तसेच मुरडा हेही नाही. ते एका लक्षणाचे नाव आहे. ते लक्षण उत्पन्न करणारे निदान तीन निरनिराळे कर्ते आहेत, आणि एकास मारणारे औषध दुसऱ्याच्या कित्येकदा पथ्यावर पडते. तेव्हा पंप पाठीवर घेण्यापूर्वी कर्ता कोण हे ओळखले पाहिजे. व ते काम चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांस मोठ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा अधिक चांगले साधते.

थोडे मिरचीविषयी. ही मूळची आपली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी ती अमेरिका खंडातून गोव्यास आणली व तेथून ती घाट चढून देशावर आली. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी तिखटाचे काम मिरी, सुंठ, पिंपळी यांवर भागत असे, आणि या नवख्या फळास आपल्या लोकांनी मिरीवरूनच नाव दिले. ही पाहुणी समुद्रापलीकडून आली खरी, पण तिचे सर्वच शत्रू तिच्याबरोबर आले नाहीत. काही येथे आधीपासूनच होते, व नवे कोवळे पान दिसताच त्यांनी त्यास तोंड लावले.

हे शत्रू पान कुरतडीत नाहीत. टोळ किंवा अळी पानास भोक पाडते, ते दुरून दिसते व आपण सावध होतो. येथे ज्यांचा विचार करावयाचा ते सर्व पानातील रस शोषणारे आहेत. मावा घ्या. त्याच्या तोंडाची केसाहूनही बारीक अशी सोंड असते. ती तो पानाच्या शिरेत, जेथून झाडाचा साखरमिश्रित रस वाहतो, तेथपर्यंत पोचवितो व तास न् तास तशीच ठेवून बसतो. या रसात साखर पुष्कळ, पण शरीर वाढविणारी द्रव्ये थोडी. म्हणून माव्यास पोटाच्या मानाने फार रस प्यावा लागतो व जास्तीची साखर तो मागील बाजूने चिकट थेंबांच्या रूपाने टाकून देतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, तिला शेतकरी काजळी म्हणतात. आणि त्याच गोडीसाठी मुंगळे झाडावर चढतात. मिरचीच्या झाडावर मुंगळ्यांची रांग दिसली, तर पान उलटून पाहावे. बहुधा खाली मावा सापडतो. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात माव्याची मादी नराच्या गाठीवाचून थेट पिले प्रसवते, व जन्मणाऱ्या पिलाच्या पोटात पुढच्या पिढीची तयारी आधीच चालू असते. एका पानावर चार मावे पाहिले म्हणून हसू नये. आठवड्याने तेथे जागा उरत नाही.

परंतु मुरड्याचा मुख्य दोष माव्याकडे जात नाही. तो जातो फुलकिडे, कोळी व पांढरी माशी या तिघांकडे, आणि हे तिघेही इतके लहान की, त्यांचे अस्तित्व मानण्यासच लोकांस पुष्कळ काळ लागला.

या शोधाचा इतिहास आपल्या पुण्याशी संबंध असलेला आहे. शिवाजीनगरच्या शेतकी कॉलेजात मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संशोधन चालत असे. त्या खात्यातील वनस्पतिरोगांचे अभ्यासक जी. एस. कुलकर्णी यांनी १९२२ साली मिरचीच्या 'मुरडा' रोगावर एक लेख प्रसिद्ध केला. त्या वेळेपर्यंत पुष्कळांची समजूत अशी की, पाने आखडतात ती हवेमुळे, खराब पाण्यामुळे, किंवा जमिनीच्या दोषामुळे. कुलकर्णी यांनी दोष ठेविला तो पानाच्या खालच्या अंगास राहणाऱ्या, डोळ्यांस जवळजवळ न दिसणाऱ्या एका कोळ्यावर. पुढे १९३५ साली मद्रास इलाख्यातील टी. व्ही. रामकृष्ण अय्यर व त्यांचे सहकारी यांनी गुंटूर व मदुरा भागांतील याच लक्षणाचा अभ्यास केला, व त्यांस तेथे दोषी आढळला तो फुलकिडा. या फुलकिड्याचे शास्त्रीय वर्णन हूड नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१९ सालीच करून ठेविले होते. आता कोणी म्हणेल, यांपैकी खरे कोण? दोघेही खरे. पान दोन्ही ठिकाणी आखडत होते, पण आखडविणारे हात निराळे होते. आणि १९६३ साली आणखी एक गोष्ट आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिली : मिरचीची पाने आखडण्याचे एक कारण अतिसूक्ष्म असा विषाणू आहे, व तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचे काम पांढरी माशी करते. ज्या रोगास खेड्यात एक नाव होते त्याचे तीन रोग होण्यास याप्रमाणे चाळीस वर्षे लागली.

आता हे तिघे ओळखावयाचे कसे ते पाहू. या भागाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण येथे पैसा लागत नाही, दृष्टी लागते.

प्रथम शेंड्याचे पान जसे आहे तसेच, न तोडता, बाजूने पाहावे. पानाच्या दोन्ही कडा वर वळून ते नावेसारखे, होडीसारखे झाले असेल, तर संशय फुलकिड्यांवर घ्यावा. पानाच्या खालच्या बाजूस शिरांलगत रुपेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसल्यास तो संशय दृढ होतो. याउलट पानाच्या कडा खाली वळल्या असतील, म्हणजे होडी पालथी घातली आहे असे वाटत असेल, पान अरुंद झाले असेल व त्याचा देठ मात्र वाजवीपेक्षा लांब झाला असेल, तर ते काम कोळ्याचे. आणि पाने बारीक, शिरांमधून पिवळट, एकावर एक गुच्छासारखी दाटलेली असून झाडाची वाढच थांबली असेल, तर तेथे पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याचा संभव अधिक. शेतात हे नमुने नेहमीच असे स्वच्छ निरनिराळे सापडत नाहीत. एकाच झाडावर फुलकिडा व कोळी दोघेही असतात व पान वर वळावे की खाली अशा पेचात सापडल्यासारखे वेडेवाकडे होते. तरी दहा-वीस झाडे पाहिली म्हणजे कोणाचे प्राबल्य आहे ते कळते.

दुसरी परीक्षा कागदाची. वहीचा पांढरा कागद शेंड्याखाली धरून शेंड्यास बोटाने दोन-चार टिचक्या माराव्यात. कागदावर पिवळसर, लांबट, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे, सुईच्या टोकाने ओढलेल्या रेघेसारखे प्राणी धावू लागले, तर ते फुलकिडे होत. यांच्या तोंडाची रचना मोठी चमत्कारिक आहे. यांच्या जबड्याच्या दोन भागांपैकी फक्त डावा वाढलेला असतो, उजवा नाहीच म्हटले तरी चालेल. त्या एका डाव्या सुळ्याने ते पेशीस भोक पाडतात व आतील रस शोषून घेतात. मादी आपली अंडी पानाच्या आत खुपसून ठेवते, आणि पिले वाढली की, त्यांपैकी पुष्कळशी जमिनीवरील पाचोळ्यात किंवा मातीत उतरून कोशावस्थेत जातात. म्हणजे ज्या दिवशी आपण औषध फवारतो त्या दिवशी त्यांच्या कुळातील एक पिढी पानाच्या पोटात व एक मातीत सुरक्षित बसलेली असते. एकाच फवाऱ्याने फुलकिडे 'संपले' असे जो सांगतो त्याने ही गोष्ट विचारात घेतलेली नसते.

कोळी कागदावर दिसणार नाही. त्यास भिंग पाहिजे. दहापट मोठे दाखविणारे लहानसे भिंग बाजारात थोड्या पैशांत मिळते. पान उलटे करून मधल्या शिरेच्या आजूबाजूस पाहिले म्हणजे काचेच्या मण्यांसारखे फिकट, पिवळट ठिपके सावकाश सरकताना दिसतात. हा कीटक नाही. कीटकास सहा पाय. याच्या प्रौढास आठ. जाळे विणणाऱ्या कोळ्याचा हा दूरचा भाऊबंद आहे, व शेतकऱ्यांनी त्यास दिलेले नाव शास्त्रालाही मान्य व्हावे असे आहे. ऊबदार दमट हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा याचा प्रवास पाच-सहा दिवसांत आटोपतो. याचा नर प्रौढ होऊ घातलेल्या मादीस पाठीवर उचलून कोवळ्या शेंड्याकडे घेऊन जातो. आणि लांबचा प्रवास करावयाचा झाला तर हे कोळी पांढऱ्या माशीच्या पायास चिकटून फुकट जातात. भिंगाखाली ही वरात एकदा पाहिलेला विद्यार्थी कोळी आणि कीटक यांतील भेद कधी विसरेल असे मला वाटत नाही.

पांढरी माशी ओळखण्यास तर काहीच कठीण नाही. झाडास धक्का दिला की, पानांखालून पिठाचे कण उडाल्यासारखे दिसते. तिने प्यालेला रस थोडा. पण रोगी झाडावर बसून विषाणू एकदा तिच्या अंगी भिनला की, तो दीर्घकाळ तिच्याजवळ राहतो व ती जेथे जेथे सोंड खुपसते तेथे तेथे पोचतो. विषाणू शिरलेल्या झाडास औषध नाही. ते उपटून पिशवीत घालून शेताबाहेर नेणे व पुरणे किंवा जाळणे हाच उपाय. हातास आलेले झाड उपटण्यास बायामाणसांचा जीव होत नाही हे मी समजू शकतो. परंतु ते एक झाड ठेवणे म्हणजे माशीसाठी दुकान मांडून ठेवणे होय.

येथे पालकांच्या मनात येणारी एक शंका सोडविली पाहिजे. "औषध मारले, तरी पाने सरळ झाली नाहीत; म्हणजे औषध खोटे," असे पुष्कळ लोक म्हणतात. पान वाढीस लागले असताना त्याच्या काही पेशी जखमी होतात व त्या वाढत नाहीत, बाजूच्या निरोगी पेशी मात्र वाढत राहतात. त्या ओढाताणीत पान वळते. वाढ पुरी झाल्यावर ते वळण कायमचे असते, जसे लहानपणी वाकलेले झाडाचे खोड. म्हणून जुनी जून पाने सहसा आखडत नाहीत, आणि आखडलेले पान कोणत्याही औषधाने उलगडत नाही. उपायाचा गुण पाहावयाचा तो त्यानंतर फुटणाऱ्या नव्या पानांवर. ही गोष्ट न कळल्यामुळे किती घरांतून दुसरी व तिसरी बाटली व्यर्थ आली असेल!

आता त्या बाटलीविषयी. कीटकनाशक म्हणून जी औषधे विकली जातात त्यांपैकी बरीच कोळ्यावर चालत नाहीत, कारण तो कीटकच नाही. एवढेच असते तर फक्त पैसे गेले असते. पण मिरचीच्या झाडावर आपले मित्रही राहतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा व त्याची काळपट, मगरीसारखी दिसणारी अळी मावा खाऊन जगतात. हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अळी मावा, फुलकिडे, माशीची पिले, जे सापडेल ते खाते. कोळ्यांस खाणारे कोळीसुद्धा असतात, व ते अधिक चपळ असतात. कडक औषध फवारले की, उघड्यावर हिंडणारे हे रखवालदार आधी मरतात. पानाच्या घडीत दडलेला शत्रू मागे राहतो, व आता त्यास विचारणारा कोणी नसतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या वर्गातील औषधांच्या वारंवार फवारणीनंतर कोळी उलट वाढतो हा अनुभव जगात सर्वत्र आलेला आहे. त्यात तेच ते औषध पुन्हा पुन्हा वापरले, तर त्याने न मरणारी तेवढी प्रजा मागे राहते व तिचीच पिढी वाढते.

याचे मोठे उदाहरण याच गुंटूर भागाने दाखविले. पूर्वेकडील देशांतून आलेला एक नवा फुलकिडा, थ्रिप्स पार्विस्पायनस हे त्याचे शास्त्रीय नाव, आपल्या देशात प्रथम २०१५ साली बंगळूरकडे पपईवर आढळला. त्या वेळी त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. २०२१ च्या हंगामात तोच आंध्र, तेलंगण व कर्नाटक येथील मिरचीवर तुटून पडला. याची मादी काळपट, व राहणे विशेषेकरून फुलात. त्यामुळे फूल गळून जाई व फळच धरेना. शेतकऱ्यांनी फवाऱ्यामागून फवारे मारले, कर्ज काढून औषधे आणली, आणि शेवटी कित्येकांनी उभे पीक उपटून टाकले. मिरचीच्या शेतात फूल उघडून आत पाहण्याची सवय तेव्हापासून अधिकच आवश्यक झाली आहे.

मग करावे काय? पहिला व सर्वांत स्वस्त उपाय रोपवाटिकेत आहे. रोप लहान असताना विषाणू शिरला तर त्या झाडापासून काहीच मिळत नाही. तोच झाड मोठे झाल्यावर शिरला, तर थोडेफार उत्पन्न हाती येते. यासाठी गादीवाफ्यावर बांबूच्या कामट्या रोवून त्यावर बारीक विणीची नायलॉन जाळी, इंचास चाळीस ते पन्नास छिद्रे असलेली, पाच-सहा आठवडे झाकून ठेवावी व तिच्या कडा मातीने दाबाव्यात. पांढरी माशी व मावा या जाळीतून येत नाहीत. फुलकिडा सडपातळ असल्यामुळे थोडाफार येतो. मिरची लावण्यापूर्वी शेताच्या चहूंकडे मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेरल्यास वाऱ्याबरोबर येणाऱ्या माशीस व माव्यास आडोसा होतो. माव्याच्या बाबतीत या ओळींचा उपयोग विशेष आहे, कारण माव्याने पसरविले जाणारे विषाणू एका क्षणात घेतले व दिले जातात, फवारलेले औषध त्यास मारण्याच्या आतच. मात्र मधल्या मक्यावर दोन-चार वेळा सोंड खुपसली की, ती पुसल्यासारखी स्वच्छ होते.

युरिया बेताने द्यावा. काळेभोर लुसलुशीत पीक पाहून आपल्यास आनंद होतो तसा माव्यासही होतो. पाण्याचा ताण पडू देऊ नये, कारण कोरड्या, कडक हवेत फुलकिडे झपाट्याने वाढतात. पावसाची एक जोरदार सर त्यांस धुऊन काढते, परंतु त्यानंतरची ऊबदार दमट हवा कोळ्यास मानवते. शेतात पिवळे चिकट सापळे लावले असता पांढरी माशी व मावा त्यांवर येऊन बसतात, फुलकिडे निळ्यावर. विकत घेणे नको असेल तर पत्र्याच्या जुन्या डब्यास पिवळा रंग देऊन त्यावर एरंडेल चोपडावे. या सापळ्यांनी कीड नाहीशी होत नाही. शेतात कोण आले आहे व किती, हे कळते, आणि ते कळणे हेच त्यांचे खरे काम.

साधारणपणे एका पानामागे दोन फुलकिडे आढळू लागेपर्यंत फवाऱ्याचा खर्च परवडत नाही असे शेतकी शास्त्रज्ञ मानतात. त्या सुमारास प्रथम निंबोळीचा अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळीच्या आतील गर पन्नास ग्रॅम घेऊन तो भरड कुटावा, थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालावा, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर होईल इतके पाणी घालावे व चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा. म्हणजे पाच टक्के अर्क तयार होतो. तो त्याच दिवशी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या अंगास पोचेल असा मारावा. वरून मारलेला फवारा शेताचे समाधान करतो, किडीस लागत नाही. कोळ्याचे प्राबल्य असेल, तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरास दोन ते तीन ग्रॅम घ्यावे. ते कडक उन्हात मारू नये, व निंबोळीचे तेल किंवा दुसरे कोणतेही तेल मारल्यावर काही दिवस मारू नये, पाने करपतात. पूर्वी तंबाखूचा काढा सर्रास वापरीत. तो विषारी तर आहेच, शिवाय तंबाखूवरील एक विषाणू मिरचीलाही लागतो. म्हणून तंबाखू मळलेल्या हाताने मिरचीची रोपेसुद्धा हाताळू नयेत.

एवढ्याने भागले नाही व कडक औषध घेण्याची वेळ आलीच, तर ते कोणते हे दुकानावर सोडू नये. नारायणगाव व बारामती येथे कृषि विज्ञान केंद्रे आहेत, शिवाजीनगरचे कृषि महाविद्यालय तर शहरातच आहे. तेथे आखडलेला शेंडा नेऊन दाखवावा. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. त्यावर पिकाचे नाव व फवारणीनंतर किती दिवस तोडा करू नये हे छापलेले असते. ज्या घरी वडील माणसांस ती बारीक अक्षरे वाचता येत नाहीत तेथे वाचण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाचे आहे. मिरची दर आठ-दहा दिवसांनी तोडली जाते व पुष्कळ वेळा कच्चीच खाल्ली जाते. तेव्हा थांबण्याचे दिवस व तोड्याचे दिवस यांचा मेळ बसत नसेल, तर ते औषध मिरचीचे नव्हेच. एका काळी मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर राजरोस मारले जाई; २००५ साली सरकारने भाजीपाल्यावरील त्याचा उपयोग बंद केला. कोळ्यावर वापरले जाणारे डायकोफॉल २०२३ साली बंद झाले. घराच्या माळ्यावर अशा जुन्या बाटल्या असतील, तर त्या 'वाया जाऊ नयेत' म्हणून वापरणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

२०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषधे फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले व त्यांपैकी सुमारे वीसजण दगावले. पीक डोक्याएवढे वाढलेले, हवा दमट व कोंदट, अंगात साधा सदरा, आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. ही माणसे निष्काळजी होती असे म्हणणे सोपे आहे. पण हातमोजे व मुखपट्टी त्यांस कोणी दिली होती? मिरचीचे झाड कंबरेएवढेच असते, म्हणून तोंडावर फवारा येण्याचे भय कमी; तरी वाऱ्याच्या उलट दिशेस चालत फवारणे, अडलेले तोटीचे भोक फुंकून साफ करणे, पंप कालव्यात धुणे व रिकामी बाटली पाण्यासाठी घरात आणणे, हे चारही प्रकार अद्याप सर्वत्र दिसतात. मुलांस तर पंपाजवळ उभेच करू नये. त्यांचे काम फवारणीच्या आदल्या दिवशीचे आहे, भिंग व कागद घेऊन.

शहरातील विद्यार्थ्यांस शेत नसले, तरी गच्चीत किंवा गॅलरीत मिरचीची एखादी कुंडी असते, व तिलाही हाच विकार होतो. कुंडीसाठी औषधाची मुळीच गरज नाही. आखडलेला शेंडा दोन पेरे खालपासून खुडावा व कागदात गुंडाळून टाकावा. मग आठवडाभर रोज सकाळी पानांच्या खालच्या अंगावर पाण्याची पिचकारी मारावी, व कुंडीतील पाचोळा काढून टाकावा, म्हणजे फुलकिड्यांची कोशात गेलेली पिढीही त्याबरोबर जाते. खाली फुटणारे नवे पान सरळ निघाले, तर ते मावा, फुलकिडा किंवा कोळी यांपैकी एकाचे काम होते असे समजावे. तीन आठवड्यांनंतरही नवे पान पिवळट व गुच्छासारखेच निघत राहिले, तर विषाणू आहे. कुंडी रिकामी करावी, आणि त्याच मातीत पुन्हा मिरची न लावता या खेपेस मेथी पेरावी.